तळ्यावरचा बिनकामाचा फेरा

तळ्याकाठी चार पावलं चालायला सरकारी परवाना लागावा, ही गोष्ट मला तेव्हाही पटत नव्हती आणि आजही पटत नाही. यावर कोणी विचारील, मग तुम्ही नोकरी कुठे करत होता? तिथेच करत होतो. ते परवाने माझ्याच हस्ताक्षरात असायचे. माझं अक्षर चांगलं होतं, त्यामुळे लिहायची सगळी पापं माझ्याच टेबलावर येत.

वर्धा जिल्ह्यातल्या सेलूच्या पुढे डांबरी सडक संपून सागाचं रान लागतं, तिथल्या एका गावात आमची जंगलाची कचेरी होती. सत्तरचं दशक संपत आलं होतं. त्या रानाला अभयारण्य म्हणायला लागून थोडीच वर्षं झाली होती आणि गावातलं कोणी तसं म्हणत नसे. मी नागपूरहून गेलेला कारकून, वय सव्वीस, लग्न व्हायचं होतं, आणि आपल्याला फार कळतं अशी माझी समजूत होती. ज्यांच्या घरी मला खोली मिळाली त्यांना सगळं गाव काकाजी म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो.

काकाजींची भाजीपाल्याची वाडी होती. वांगी, टमाटर, पालक आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. पहाटे माल काढायचा, सायकलच्या दोन्ही बाजूंना टोपल्या बांधायच्या आणि सेलूच्या बाजारात जाऊन बसायचं. उंच, वाळका माणूस. धोतर, बंडी, डोक्याला दुपट्टा आणि उन्हाळ्यात ऊन लागू नये म्हणून बंडीच्या खिशात एक कांदा. रागीट म्हणावं तर कधी आरडाओरडा नाही. पण एकदा बिनसलं की समोरच्याला पळता भुई थोडी.

बाजारात एका गिऱ्हाइकाने वांगं ताजं आहे का पाहायला त्याला नख लावलं आणि परत टोपलीत ठेवलं. माझ्या समोरची गोष्ट. काकाजींनी ते वांगं उचलून त्याच्या पिशवीत टाकलं.

"हे आता तुह्यं झालं," ते म्हणाले. "फुकट घेऊन जाय. पन नख लावलेलं वांगं माह्या टोपलीत ठिवजो नको."

"अहो, मी फक्त पाह्यलं."

"डोये कायले देल्ले मंग देवानं? नखानं पाह्यते काय कोनी?"

तो माणूस पुढे महिनाभर आमच्या रांगेकडे फिरकला नाही. मी म्हटलं, काकाजी, अशाने गिऱ्हाईक तुटेल. ते म्हणाले, "तुटू दे. वांगं त् वाचन."

पण गावाने त्यांना येडा ठरवलं होतं ते वांग्यापायी नाही. दुपारच्या फिरण्यापायी. जेवण झालं, काकूंनी ताट उचललं, की सगळं गाव जिथे सावली मिळेल तिथे आडवं व्हायचं, आणि हा माणूस चपला घालून रानातल्या तळ्याकडे निघायचा. तळ्याला एक फेरा मारायचा आणि चहाच्या वेळेला परत. लाकूड आणायचं नाही, मोहफुलं वेचायची नाहीत, मासे धरायचे नाहीत, गुरं तर नव्हतीच. शेतकरी माणूस बिनकामाचा चालतो, हे गावाला पचत नव्हतं. मग कोणी म्हणे, गाडलेला हंडा आहे. कोणी म्हणे, पलीकडच्या गावात बाई आहे. मला या बोलण्याची चीड यायची, कारण बोलणारे स्वतः पारावर तासन् तास पत्ते पिसत बसलेले असत आणि त्यांना मात्र काम काय म्हणून कोणी विचारत नसे.

काकूंना विचारलं तर त्या म्हणायच्या, "लगन झालं तवापासून पाह्यतो, दुपारी ह्या मानसाले घर चावते. मी इचारनं सोडून देल्लं बाप्पा."

एका रविवारी मी त्यांच्याबरोबर गेलो. कुतूहल होतं, दुसरं काय. वाटेत त्यांनी तीन नियम सांगितले. पाय वाजवायचे नाहीत, बोटाने काही दाखवायचं नाही, आणि तळ्याशी पोचलो की पाणी डाव्या हाताला ठेवायचं.

"डाव्याच हाताले काऊन?" मी त्यांच्याच बोलीत विचारून पाहिलं.

"उजवीकडून रान येते," ते म्हणाले. "उजवा हात मोकया पाह्यजे."

त्या दुपारच्याइतकं सोपं चालणं मी पुन्हा कधी चाललो नाही. तळं मोठं नव्हतं; रमतगमत गेलं तरी तासाभरात फेरा व्हायचा. एका बाजूला मातीचा जुना बांध, बाकी तिन्ही बाजूंनी रान पाण्यापर्यंत उतरलेलं. अर्जुनाच्या झाडाखाली गार वाटायचं. शिंगाड्याच्या वेलांवरून एक पक्षी लांब बोटांनी असा चालत होता की पाय ओले होऊ नयेत याची त्यालाच काळजी. पलीकडच्या काठावर चितळं पाणी पीत होती. त्यांनी मान वर करून काकाजींकडे पाहिलं, आणि पुन्हा पाण्याला तोंड लावलं. मी नवखा होतो, तरी काकाजींच्या जिवावर मलाही खपवून घेतलं. मध्ये एकदा काकाजी थांबले आणि पाण्याकडे बघत राहिले.

"पहाटंपासून पान्याच्याच मांगं असतो मी," ते हळूच म्हणाले. "हीर, इंजन, पाट, दांड. ह्या वाफ्यात सोड, त्या वाफ्यात सोड. अथी पान्याले काई काम नाई. मलेई नाई. म्हणून येतो."

मला वाटलं, झालं, कोडं सुटलं. पण पुढे बांधाच्या टोकाला चिखलाचा एक सपाट पट्टा होता, तिथे ते बसले. चिखलात खुरांचे, पंजांचे ठसे होते. त्यांनी ते एकेक करून पाहिले. रोही, म्हणजे नीलगाय; मग डुक्कर, साळिंदर. एका ठशापाशी ते जास्त वेळ थांबले. माझ्या तळहाताहून मोठा, गोलसर.

"पाहुने येऊन गेले," ते म्हणाले. वाघ हा शब्द त्यांनी रानात कधी उच्चारला नाही.

मी आणखी जवळून पाहायला वाकलो, तेवढ्यात त्यांनी झुडपात लपवून ठेवलेला तुराट्यांचा खराटा काढला आणि अंगण झाडावं तसा तो सगळा पट्टा झाडून टाकला. ठसे गेले. चिखल कोरा झाला.

"अहो! असं काय करता?"

"कालचं कालच्याले," ते म्हणाले आणि चालू लागले.

मला त्यांचा राग आला. आमच्या कचेरीतले नाकेदार, म्हणजे वनरक्षक, एका ठशासाठी दिवसदिवस भटकतात, आणि हा माणूस रोज ते पुसून टाकतो. पण घरमालकाशी किती वाद घालायचा, म्हणून मी गप्प बसलो. माझ्या गप्प बसण्याची ही पहिली वेळ.

त्यानंतर आमच्याकडे नवे साहेब आले. नाव सांगत नाही. सांगण्यात मला आनंद झाला असता, पण नको. त्यांनी पहिला हुकूम काढला की परवान्याशिवाय कोणी रानात पाऊल टाकायचं नाही. लाकूडतोड्यांसाठी ठीक होतं. काकाजींनाही नाकेदाराने अडवलं आणि कचेरीत पाठवलं. मी छापील फॉर्म पुढे ओढला. 'प्रयोजन' असा रकाना होता. त्याखाली जळाऊ लाकूड, मोहफूल, तेंदूपत्ता, गुरेचराई, संशोधन आणि इतर.

"काकाजी, कशासाठी जाता म्हणून लिहू?"

"फिरतो."

"ते यात नाही."

"नाई त् लिव. तुह्यं अक्षर चांगलं हाये."

मी 'इतर'पुढे लिहिलं, 'प्रकृतीसाठी फेरफटका', आणि वाचून दाखवलं. ते उभेच राहिले. "मले काय झालं? मी काय बिमार हावो? खोड थे!"

"अहो, नुसतं लिहायचं असतं."

"नुसतं लिवाचं नसते, बाबू. लिवलेलं राह्यते. खोड आन् लिव, काई काम नाई."

मी खोडलं आणि लिहिलं, 'प्रयोजन: काही नाही'. साहेबांनी कागदाकडे पाहिलं, हसले आणि नामंजूर असा शेरा मारला. काम नसलेला माणूस रानात नको, असं त्यांचं म्हणणं. जो माणूस तीस वर्षं त्या तळ्याभोवती एक काडी न उचलता चालला, त्याला बंदी. आणि साहेबांचे पाहुणे जीप घेऊन यायचे, बांधावर कोंबड्या शिजवायचे, त्यांना 'संशोधन' या रकान्यात मी स्वतः बसवलेलं आहे. हे लिहितानासुद्धा माझं डोकं तापतं.

काकाजी बंदी मानणार नव्हतेच. ते नाल्याच्या बाजूने जाऊ लागले. मला माहीत होतं, नाकेदारालाही माहीत होतं.

मग ती नौकाविहाराची योजना आली. वरच्या कोणाला तरी आमचं तळं आवडलं होतं. काठ सिमेंटने बांधायचे, बाकडी टाकायची, दोन होड्या सोडायच्या. फायलीत एकच अट होती. उन्हाळ्यातल्या गणनेत तळ्यावर मोठ्या जनावरांचा वावर दिसला, तर हे सगळं दुसरीकडे हलवायचं. नाही दिसला, तर काम सुरू. म्हणजे त्या चिखलाच्या पट्ट्यावर सगळं येऊन ठेपलं होतं. आणि तिथे येणारा पाहुणा मी ठशावरून का होईना, पाहिला होता. मी मनात म्हटलं, चला, तळं वाचलं.

मे महिन्यात गणना ठरली. साहेबांनी बजावलं, तारीख बाहेर फुटता कामा नये, शिकाऱ्यांच्या कानावर जाईल. ते बरोबरच होतं. पण मी ज्यांच्या घरात दोन वेळा जेवत होतो, ज्यांच्या खराट्याबद्दल सगळ्या कचेरीत मला एकट्याला ठाऊक होतं, त्यांना तरी मी सांगायला हवं होतं. एवढंच सांगायचं होतं की काकाजी, उद्या झाडू नका. सांगितलं नाही. गणनेच्या आदल्या रात्री जेवताना त्यांनी मला टोमणा मारला होता, "बाबू, तुह्यं सरकार बिनकामाच्या मानसाले भेते." माझं नाक वर झालं. म्हटलं, यांना कशाला सांगायचं आतल्या गोष्टी. सरकारी गुपित सांभाळल्याचा अभिमान पण वाटला असेल थोडा. आज त्या अभिमानाला काय म्हणावं हे मला कळत नाही.

गणनेच्या आदल्या दुपारी दोन नाकेदार तळ्यावर जाऊन जागा पाहून आले. त्यांच्या बुटांचे ठसे चिखलात राहिले, आणि ठशांचे साचे काढायचं पांढरं प्लास्टर थोडं सांडलं. ते गेल्यावर काकाजी पोचले. त्यांनी बुटांचे ठसे पाहिले, पांढरी पूड पाहिली. दुसऱ्या दिवशी ते भल्या सकाळीच गेले, बाजार बुडवून, आयुष्यात बहुधा पहिल्यांदा. रात्रीतून पाहुणे येऊन गेलेले होते. काकाजींनी नुसता तो पट्टा नाही, तळ्याचा सगळा काठ झाडून काढला. अर्जुनाखालची वाट, नाल्याचं तोंड, बांधाची उतरण, सगळं. नऊ वाजता ठसे उतरवून घ्यायची काच, कागद आणि प्लास्टरची पिशवी घेऊन आमची माणसं पोचली, तेव्हा तळं आरशासारखं स्वच्छ होतं.

नोंद माझ्याच अक्षरात आहे. मोठ्या जनावरांचा वावर: निरंक. कचेरीच्या भाषेत निरंक म्हणजे काही नाही.

त्या दुपारी मी घरी जाऊन काकाजींवर ओरडलो. घरमालक, वडीलधारा, काही पाहिलं नाही. काकू पदर तोंडाला लावून दारात उभ्या राहिल्या. मी म्हटलं, तुमच्या येडेपणापायी तळं गेलं. सगळं सांगितलं, आता सांगितलं. ते ओसरीवर बसले होते. ऐकता ऐकता त्यांनी खिशातला कांदा काढला आणि नुसता हातात फिरवत राहिले.

"मले वाटलं शिकारी हायेत," ते म्हणाले. "बुटं पाह्यले आन् थे पांढरं. म्हटलं, बसाची जागा पाहून गेले."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते त्यांनी कोणालाच सांगितलेलं नव्हतं, काकूंनासुद्धा. ते पंचवीस वर्षांचे असताना शहरातले दोन बंदूकवाले जीपमधून आले होते. काकाजींना ठसे वाचता येतात ही गावभर कौतुकाची गोष्ट होती. त्यांनी मोठ्या हौसेने त्या लोकांना चिखलातला वाघिणीचा ठसा दाखवला, कोणत्या वेळेचा, कुठून आली, कुठे गेली. दुसऱ्या दिवशी ती वाघीण जीपच्या टपावर बांधलेली गावातून गेली.

"तिचे थानं दुधानं भरले होते," काकाजी म्हणाले. "मंग मी आठ दिवस रानात पिल्लं धुंडले. नाई सापडले. तवापासून झाडतो. कोनाले दिसूच नाई. मीच बोटानं दाखवलतं न बाबू."

मी खाली बसलो. बोटाने दाखवायचं नाही, हा नियम मला तेव्हा समजला.

कांदा परत खिशात ठेवून त्यांनी विचारलं, "तुले ठावं होतं, काल जेवतानी?"

"होतं."

"मंग काऊन नाई सांगतलं मले?"

मी सरकारी गुपित वगैरे काहीतरी म्हणालो. त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं.

पावसाळा गेला आणि सिमेंटचं काम सुरू झालं. चिखलाच्या पट्ट्यावर दगड बसवले, वर काँक्रीट टाकलं. काकाजी रोज दुपारी जात आणि लांब उभे राहून पाहत. आता त्यांना कोणी अडवत नव्हतं, कारण तिथे रान राहिलंच नव्हतं.

एका दुपारी ते कचेरीच्या दारात आले. धापा टाकत होते. "चाल," एवढंच म्हणाले. मी साहेबांना न विचारता उठलो. आदल्या संध्याकाळी टाकलेल्या काँक्रीटवर, पाण्याकडे जाणारे, चार ठसे उमटले होते. गोलसर, खोल, बोटं स्वच्छ. पाण्यापर्यंत जाऊन पाहुणे प्यायले होते आणि कडेच्या मातीवरून परत गेले होते. गवंडी थापी हातात धरून उभा होता. वरचा गुळगुळीत थर द्यायचा होता आणि काकाजींनी त्याला अडवून ठेवलं होतं. त्यांच्या दुसऱ्या हातात खराटा होता. त्यांनी तो पाठीमागे धरला होता.

"आता थ्यानं सोताच सही केली," ते म्हणाले. "मी नाई पुसत. कोनाले पुसू देत नाई. तू लिव."

मी लिहिलं. मोठ्या जनावराचा वावर तळ्यावर आहे, प्रत्यक्ष ठसे पाहिले आहेत, मागील नोंद चुकीची आहे. खाली सही केली आणि साहेबांच्या पुढे ठेवलं. साहेबांनी दोनदा वाचलं. आवाज न चढवता म्हणाले, "नोंद बदलायची म्हणजे चुकीची नोंद कोणी लिहिली ते सांगावं लागेल. अक्षर कोणाचं आहे?" मग म्हणाले, "तुमचं कायम व्हायचं आहे ना अजून? हा कागद मी पाहिला नाही. न्यायचा तर न्या."

मी नेला. इथे लोक विचारतात, मग पुढे काय केलंत? काही केलं नाही. कागद उचलला, घडी घातली, खिशात ठेवला. साहेबांचा राग येतो, वरच्यांचा येतो, होड्यांत बसून शेंगांची टरफलं पाण्यात टाकणाऱ्यांचा येतो. पण तो कागद साहेबांनी फाडला नाही, मी उचलला. गवंडी माझ्यापेक्षा बरा निघाला. त्याने सगळीकडे थर दिला आणि दोन ठशांपुरती जागा विसरल्यासारखी सोडून दिली. लोक आता ती नक्षी समजतात.

काकाजींना मी सांगितलं की कागद वर पाठवला आहे. खोटं बोलणं इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. ते खूश झाले. काकूंना त्या दिवशी त्यांनी भरल्या वांग्यांची भाजी करायला लावली आणि मला आग्रह करकरून वाढली. मग रोज फेऱ्याहून परत आले की चहाचा कप हातात घेताना विचारायचे, "बाबू, आलं का उत्तर?" मी म्हणायचो, अजून नाही काकाजी. "सरकारी काम हाये, येय लागते," ते मलाच समजावायचे. वर्षभर, न चुकता.

मग माझी बदली झाली. कायम होऊन, बढतीसह. सेलूच्या स्टँडवर ते सायकल घेऊन सोडायला आले. माझ्या पिशवीत त्यांनी वांगी भरली, कोवळी, एकालाही नख न लागलेली. गाडी सुरू झाली तेव्हा खिडकीशी आले.

"उत्तर आलं त् मले कारड टाकजो," ते म्हणाले. "मले वाचता येत नाई. काकूले थोडंसं येते. थोडक्यात लिवजो."

कार्ड मी तीन वेळा आणलं. त्यांचं नाव, गाव, मुक्काम, पोस्ट, तालुका सेलू, जिल्हा वर्धा, सगळं माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं. मागची बाजू समोर घेऊन बसलो. निरंक हा शब्द मी नोकरीभर किती कागदांवर लिहिला असेल, त्या कार्डावर मात्र तो माझ्या हाताने उमटला नाही.